फिलिंगला जंतू चिकटतात कसे, आणि कीड पुन्हा कडेनेच का लागते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन वर्षांपूर्वी खालच्या दाढेत दाताच्या रंगाचे फिलिंग करून घेतले, आणि आता त्याच फिलिंगच्या कडेने पुन्हा कीड लागल्याचे दंतवैद्य सांगतात. फिलिंग म्हणजे काही दात नव्हे, ते किडत नाही. मग जंतू त्याला चिकटतात कसे, आणि पूर्वीसारखी चांदी भरली असती तर हे टळले असते का?

गेली २६ वर्षे मी दात वाचवण्याचेच काम करतो आहे, आणि माझ्या खुर्चीत रोज येणाऱ्या फिलिंगच्या कामांपैकी बरीचशी कामे जुने फिलिंग काढून नवे भरण्याची असतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो. फिलिंग किडत नाही हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. किडतो तो त्याच्या शेजारचा दातच. पण फिलिंगच्या पृष्ठभागावर आणि त्याहूनही अधिक त्याच्या कडेवर जंतूंना बसायला जागा मिळाली, तर तिथे तयार होणारे आम्ल शेजारच्या दाताला पोखरते.

पहिली गोष्ट ही की, जंतू फिलिंगला थेट क्वचितच शिवतो. दात घासून चूळ भरली की काही सेकंदांतच लाळेतील प्रथिने दातावर, फिलिंगवर, कॅपवर, कवळीवर, म्हणजे तोंडातल्या प्रत्येक टणक पृष्ठभागावर बसू लागतात. म्युसिन, अमायलेझ, स्टॅथेरिन, प्रोलीनचे प्रमाण जास्त असलेली प्रथिने यांचा हा पातळ थर असतो, आणि त्याला पेलिकल म्हणतात. पहिल्या काही मिनिटांत त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास असते, पुढच्या तासांत ती कित्येक पटींनी वाढते. हा थर मुळात आपल्या भल्याचा आहे, कारण तो दाताला ओलावा देतो, आम्लाचा मारा काहीसा अडवतो आणि चावताना दातावर दात सहज सरकू देतो. मात्र याच थरातील काही प्रथिने जंतूंना धरून बसायला खुंट्या पुरवतात. खालचा पदार्थ कोणता आहे यावर कोणती प्रथिने किती आणि कशी बसतील हे काही अंशी ठरते, आणि पदार्थाचा गुणधर्म जंतूंपर्यंत पोहोचतो तो बराचसा या वाटेने.

लाळेतून वाहत आलेला जंतू पृष्ठभागाच्या जवळ येतो तेव्हा सुरुवातीला दोन बळांची ओढाताण चालते. जंतूचे आवरण आणि पेलिकल या दोहोंवर साधारणतः ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. त्याच वेळी व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे रेणूंमधली क्षीण ओढ, त्यांना जवळ ओढते. या अवस्थेतली पकड सैल असते आणि लाळेच्या किंवा पाण्याच्या प्रवाहाने जंतू सुटून जाऊ शकतो. तो तेवढ्यात सुटला नाही, तर त्याच्या आवरणावरची प्रथिने आणि केसासारखे तंतू पेलिकलमधील ठरावीक रेणूंमध्ये कुलुपात किल्ली बसावी तसे अडकतात, आणि मग ती पकड नुसती चूळ भरून सुटत नाही. पहिल्या काही तासांत असे बसणारे बहुतेक जंतू स्ट्रेप्टोकॉकस कुळातले असतात: सँग्विनिस, ओरॅलिस, मायटिस, गॉर्डोनाय. त्यांच्या जोडीला ॲक्टिनोमायसिस असतात. ही पहिली फळी फारशी उपद्रवी नसते. पण तिच्या अंगावर पुढचे जंतू चिकटतात, त्यांच्यावर आणखी पुढचे, आणि फ्युसोबॅक्टेरियमसारखा लांबट जंतू आधीच्या आणि नंतरच्या मंडळींमध्ये दुव्याचे काम करतो. एकदोन दिवसांत जो मऊ, पांढुरका थर नखाने खरवडता येतो तो हाच, आणि त्याला आपण प्लाक म्हणतो.

किडीच्या दृष्टीने ज्याचे नाव घ्यावे लागते तो स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. १९२४ साली लंडनमध्ये किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून तो वेगळा काढला. त्याच्याजवळ दोन हत्यारे आहेत. एक, तो साखरेपासून झपाट्याने आम्ल तयार करतो आणि स्वतः आम्लात तग धरतो. दुसरे, जे तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे, ते असे की तो साध्या साखरेपासून, म्हणजे सुक्रोजपासून, स्वतःचा डिंक बनवतो. ग्लुकोसिलट्रान्स्फरेझ नावाची त्याची विकरे सुक्रोज फोडून त्यातील ग्लुकोजच्या लांब, पाण्यात न विरघळणाऱ्या साखळ्या विणतात. ही विकरे पेलिकलमध्येही जाऊन बसतात, त्यामुळे जंतू तिथे नसतानाही डिंक तयार होत राहतो आणि मागाहून येणाऱ्या जंतूंना आयती बैठक मिळते. नुसत्या ग्लुकोजपासून किंवा फ्रुक्टोजपासून हा डिंक बनत नाही. अनेक जण मला आनंदाने सांगतात की आम्ही साखर सोडली, आता चहात गूळ घालतो. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते, आणि डिंक बनवणाऱ्या विकराला त्या दोहोंत भेद करता येत नाही.

आता पृष्ठभागाकडे येऊ, कारण फिलिंगच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्याचा गुळगुळीतपणा. तोंडातले बहुतेक गोल जंतू अर्धा ते एक मायक्रोमीटर आकाराचे असतात, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीत ते सत्तर-ऐंशी तरी सहज ओळीने बसतील. पृष्ठभागावर त्या मापाचे खड्डे आणि ओरखडे असले, की जंतूला आडोसा मिळतो. जीभ, गाल, ब्रश आणि लाळेचा प्रवाह यांचे घासणे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि सुरुवातीच्या त्या सैल पकडीला पक्के व्हायला सवड मिळते. सरासरी खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या खाली गेला, तर आणखी गुळगुळीत करून प्लाक फारसा कमी होत नाही. त्याच्या वर मात्र तो वाढत जातो. १९९७ पासून ०.२ हा आकडा आमच्या शास्त्रात उंबरठा म्हणून मानला जातो. पृष्ठभागाची ऊर्जा, म्हणजे त्यावर पाणी पसरते की थेंब होऊन राहते, याचाही परिणाम होतो आणि जास्त ऊर्जेच्या पृष्ठभागावर प्लाक अधिक जमतो. पण खडबडीतपणा आणि ऊर्जा यांचा सामना झाला तर खडबडीतपणाच वरचढ ठरतो.

हे डोळ्यांनी पाहता येते. आमच्याकडे प्लाकला रंग देणारे एक गुलाबी द्रावण असते. एका रुग्णाच्या खालच्या दाढेत शेजारी शेजारी दोन फिलिंगे होती. द्रावण लावून चूळ भरायला सांगितली आणि भिंगातून पाहिले, तर एका फिलिंगवर रंग जवळजवळ नव्हता. दुसऱ्यावर पेन्सिलीने रेघ मारावी तशी कडेभोवती गुलाबी रेघ उमटली होती आणि हिरडीच्या बाजूला ती रेघ रुंद होत दोन दातांमधल्या फटीत उतरली होती. त्या फटीतून फ्लॉस, म्हणजे दातांमधून फिरवायचा बारीक दोरा, घातला तेव्हा तो वर येताना पिंजला. पिंजलेला फ्लॉस म्हणजे तिथे खरखरीत किंवा बाहेर आलेली कड आहे, हे सांगणारी साधी आणि बिनखर्चाची तपासणी. दोन्ही फिलिंगांचे मटेरियल एकाच जातीचे होते.

दाताच्या रंगाचे फिलिंग, म्हणजे कॉम्पोझिट, हे काच किंवा सिलिकाचे अतिशय बारीक कण आणि त्यांना बांधून ठेवणारे रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, यांचे मिश्रण. त्यातील बिस-जीएमए हे रेझिन अमेरिकेतील राफाएल बोवेन यांचे. त्याचे पेटंट १९६२ चे. निळ्या प्रकाशाने ते घट्ट होते, पण पूर्ण नव्हे. रेझिनमधील दुहेरी बंधांपैकी साधारण ५५ ते ७५ टक्केच जुळतात, आणि हवेला लागलेला वरचा थर तर ऑक्सिजनमुळे चिकट व अर्धवट राहतो. तो थर घासून काढलाच पाहिजे. त्यानंतर चावा बरोबर बसतो का हे निळ्या कागदाने पाहून बारीक हिऱ्याच्या बरने, म्हणजे घासणाऱ्या फिरत्या टोकाने, उंचवटे उतरवायचे. या बरचे ओरखडे जंतूच्या मापाचे असतात, म्हणून पुढे जाड, मध्यम, बारीक आणि अतिबारीक अशा क्रमाने ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या डिस्क किंवा रबराचे पॉलिशर फिरवायचे. मधला एखादा टप्पा गाळला तर आधीच्या डिस्कचे ओरखडे शेवटच्या डिस्कने जात नाहीत. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत, संध्याकाळी बाहेर पाच-सहा माणसे थांबलेली असताना, मी उंचवटे उतरवून तिथेच थांबत असे. रुग्ण जीभ फिरवून "छान लागते आहे" म्हणत आणि मीही समाधान मानत असे. जिभेला सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरचा फरक कळतो, आणि जंतूंना त्याच्या निम्म्याहून कमी खडबडीतपणा पुरतो, हे मी तेव्हा मनावर घेतले नव्हते. त्यातील काही जण तीन-चार वर्षांनी तपकिरी कडा घेऊन परत आले, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. शेवटच्या पॉलिशला पाच ते दहा मिनिटे लागतात. ती मागून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे, असे मी मानतो.

आता चांदीचा प्रश्न. आपल्याकडे चांदी म्हणतात ते अमॅल्गम म्हणजे चांदी, कथील आणि तांब्याच्या भुकटीत पारा मिसळून केलेला मिश्रधातू. त्याचा पृष्ठभाग काही फार गुळगुळीत नसतो. तरीही त्यातून सूक्ष्म प्रमाणात सुटणारे धातूंचे आयन जंतूंना मानवत नाहीत, आणि कडेच्या फटीत कालांतराने गंजाचे पदार्थ साचून ती फट आपोआप बुजत जाते. कॉम्पोझिटमध्ये यातले काहीच घडत नाही. ते आम्लाला थोपवत नाही, जंतूंना मारत नाही आणि स्वतःची फट बुजवत नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमॅल्गम, कॉम्पोझिट आणि ग्लास आयोनोमर यांच्या कडांवरचा प्लाक तपासला, तेव्हा म्युटन्सचे प्रमाण कॉम्पोझिटच्या कडेवर सर्वांत जास्त आढळले. लिस्बनमध्ये शाळकरी मुलांच्या मागच्या दातांवर सात वर्षे चाललेली एक चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत अमॅल्गमची सुमारे ९४ टक्के आणि कॉम्पोझिटची सुमारे ८५ टक्के फिलिंगे टिकली, आणि फिलिंगच्या कडेने पुन्हा कीड लागण्याचा धोका कॉम्पोझिटमध्ये साडेतीन पट होता. म्हणजे तुमच्या शंकेत तथ्य आहे. मात्र अमॅल्गम दाताला चिकटत नाही, ते अडकून राहावे म्हणून निरोगी दातही कापावा लागतो, आणि पाऱ्यामुळे पर्यावरणाची हानी होते. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून काही वैद्यकीय अपवाद वगळता त्याचा वापर थांबवला आहे. तेव्हा चांदीकडे परत जाण्यापेक्षा कॉम्पोझिटचे काम नीट करणे, हाच मला खरा मार्ग दिसतो.

ग्लास आयोनोमर, ज्याला रुग्ण नुसते सिमेंट म्हणतात, ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी लंडनमध्ये शोधले आणि १९७२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. ते दाताला रासायनिकरीत्या चिकटते आणि फ्लोराइड सोडते. त्यातले बरेचसे फ्लोराइड पहिल्या एकदोन दिवसांतच बाहेर पडते आणि पुढे अगदी थोडे झिरपत राहते. पण फ्लोराइडच्या पेस्टने रोज दात घासले तर ते पुन्हा थोडे साठवून घेते. पृष्ठभाग कॉम्पोझिटपेक्षा खरखरीत असल्याने त्यावर प्लाक बसतो, मात्र खालच्या दाताचे नुकसान त्या मानाने कमी होते. चावण्याच्या भाराखाली ते झिजते, म्हणून मी ते प्रामुख्याने हिरडीलगतच्या खाचांत, लहान मुलांत आणि लाळ कमी असलेल्या वृद्धांत वापरतो. चकाकी चढवलेली सिरॅमिक किंवा नीट पॉलिश केलेली झिरकोनिया यांवर प्लाक कमी जमतो, पण तो लहान खड्डे भरण्याचा मार्ग नव्हे.

कडेविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण तुमची कीड तिथे आहे. कॉम्पोझिट घट्ट होताना आकारमानाने सुमारे २ ते ३ टक्के आकसते. ते दाताला चिकटलेले असल्याने हा ताण जोडावर येतो, आणि जिथे जोड कमकुवत तिथे फट पडते. सर्वांत कमकुवत जागा म्हणजे दोन दातांच्या मधली, हिरडीकडची कड. तिथे एनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाह्य आवरण, पातळ असते किंवा नसतेच, त्याखालचे डेंटिन ओलसर असते, लाळ आणि हिरडीचे रक्त सहज शिरते, आणि दिव्याचे टोक काही मिलिमीटर दूर राहिल्याने प्रकाशही कमी पोहोचतो. म्हणूनच रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणलेला रबराचा पातळ पडदा, लावून दात कोरडा ठेवणे, दोन-दोन मिलिमीटरचे थर देणे आणि तळाच्या थराला जास्त वेळ प्रकाश देणे या गोष्टी कंटाळवाण्या वाटल्या तरी सोडता येत नाहीत. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या भागांतून फ्लोरोसिस, म्हणजे पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे होणारा दातांचा विकार, असलेले रुग्ण येतात. फिलिंग चिकटावे म्हणून आम्ही आधी दातावर आम्ल लावतो, पण त्यांच्या एनॅमलचा वरचा थर त्या आम्लाला दाद देत नाही, त्यामुळे नेहमीच्या वेळेत त्यावर चिकटण्याजोगी खरवड तयार होत नाही आणि कड लवकर सुटते. तिथे तो थर किंचित घासून आणि आम्लाची वेळ वाढवून काम करावे लागते.

एकदा जंतू कडेवर स्थिरावले, की ते स्वतःसाठी जागा आणखी सोयीची करून घेतात. लाळेत एस्टरेझ प्रकारची विकरे असतातच, आणि म्युटन्सही तशी विकरे सोडतो हे दाखवले गेले आहे. ती रेझिनमधील एस्टर बंध हळूहळू तोडतात. रेझिन झिजले की काचेचे कण उघडे पडतात, खडबडीतपणा वाढतो, आणि वाढलेल्या खडबडीतपणावर आणखी प्लाक बसतो. एनॅमल सुमारे ५.५ सामूच्या खाली विरघळू लागते, तर उघडे डेंटिन त्याआधीच, साधारण ६.२ ते ६.७ च्या दरम्यान. मूळ उघडे पडलेल्या जागेची कीड इतकी झपाट्याने का पसरते, ते यावरून कळेल.

जंतू चिकटूच नयेत असे मटेरियल का करत नाहीत, असेही विचारले जाते. प्रयत्न झाले आहेत. ओसाका विद्यापीठात सातोशी इमाझातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एमडीपीबी नावाचा रेणू तयार केला. तो रेझिनमध्येच बांधलेला राहतो, आणि त्याला टेकलेल्या जंतूचे आवरण फुटते. तो वापरणारे बाँडिंग, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणारे द्रव्य, बाजारात आले. पण वर सांगितलेले पेलिकल इथेही आड येते. लाळेची प्रथिने आणि मेलेल्या जंतूंची चादर एकदा वर पसरली, की मारक पृष्ठभाग झाकला जातो आणि नवे जंतू त्या चादरीवर निर्धास्त बसतात. मला या दिशेने आशा आहे, तरी आज रुग्णाच्या तोंडात त्याच्या भरवशावर मी पॉलिश किंवा फ्लॉस सोडणार नाही.

तुमच्या हातात काय आहे, ते सांगतो. १००० पीपीएम किंवा अधिक फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश वापरा. रात्री लाळ कमी होते, म्हणून झोपण्यापूर्वीचे घासणे चुकवू नका. फिलिंग दोन दातांच्या मध्ये असेल तर तिथे रोज फ्लॉस किंवा फटीत बसणारा बारीक ब्रश फिरवा, कारण साधा ब्रश त्या कडेपर्यंत पोहोचतच नाही. एकूण साखर किती खाता याहून ती दिवसातून किती वेळा खाता याला जास्त महत्त्व द्या. दर तासाला बिस्किटाबरोबर एक कप गोड चहा घेणाऱ्याच्या फिलिंगची कड आम्लातून बाहेर येतच नाही. राखुंडी, कोळशाची पूड आणि मशेरी फिलिंगवर ओरखडे पाडतात. मशेरीत तंबाखूही असते, त्यामुळे ती सोडण्याची कारणे दातांपुरती मर्यादित नाहीत. आणि दवाखान्यात फ्लोराइडचे जेल लावणार असतील तर तोंडात कॉम्पोझिट किंवा सिरॅमिक आहे हे आवर्जून सांगा. आम्लयुक्त जेल फिलिंगमधील काचेचे कण कोरते; अशा तोंडात उदासीन सोडियम फ्लोराइड वापरावे.

आता त्या दाढेचे. आधी खात्री करून घ्या की ही खरोखर कीड आहे. कडेला नुसता तपकिरी डाग दिसणे म्हणजे कीड नव्हे. चहाचा रंग बारीक फटीत उतरूनही तसाच दिसतो, आणि केवळ डागापोटी चांगली फिलिंगे उकरली जाताना मी पाहिली आहेत. दोन दातांच्या मधली कड डोळ्यांनी दिसत नाही, तेव्हा बाइटविंग एक्स-रे, म्हणजे वरचे-खालचे दात मिटवून मधल्या फटी दाखवणारा एक्स-रे, काढायला सांगा. तपासणीच्या सळईच्या टोकाला मऊ लागणारा दात किंवा एक्स-रेमध्ये फिलिंगखाली काळी छटा दिसली, तर उपचार हवा. पण तोही प्रत्येक वेळी सगळे फिलिंग काढूनच करावा असे नाही. एकाच बाजूला बिघाड असेल तर तेवढाच भाग कोरून, जुन्या कॉम्पोझिटचा पृष्ठभाग खरवडून त्याला नवे जोडता येते. पूर्ण फिलिंग बदलताना दर वेळी थोडा निरोगी दात जातोच. काम झाल्यावर खुर्चीतून उठण्याआधी त्या फटीतून एकदा फ्लॉस घालून दाखवायला सांगा. तो न पिंजता, अखंड बाहेर आला पाहिजे.